कंप आटोक्यात आहे, पण बोलणं थांबलंय

पत्राचा सारांश

दक्षिण नागपुरातल्या ६२ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. यजमान ६७ वर्षांचे, वीज केंद्रातून निवृत्त. पाच वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुटला, पार्किन्सन्सचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि हात बऱ्यापैकी स्थिरावला. दर तीन महिन्यांनी डॉक्टर तपासतात आणि 'छान चाललंय' म्हणतात. घरात मात्र काहीच छान नाही, असं ताई लिहितात. यजमान दिवसदिवस बोलत नाहीत. भजन मंडळ सुटलं, सकाळचं फिरणं सुटलं. चेहरा कायम रागावल्यासारखा. पूर्वी फाटकातूनच वासावरून 'आज गोळाभात' असं ओळखणारा माणूस आता पानात काय आहे तेही बघत नाही. उठताना भोवळ येते. रात्री झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. गेल्या महिन्यात ताईंच्या दंडावर जोराचा फटका बसून काळानिळा डाग पडला. शेजारणीला त्यांनी 'दाराला आपटले' असं सांगितलं. अलीकडे दोनदा संध्याकाळी 'कोपऱ्यात कोण बसून राहिलं?' असं यजमानांनी विचारलं. वर्ध्याला दिलेली मुलगी म्हणते, बाबा आळशी झाले, तूच लाडावून ठेवलंस. पुण्याचा मुलगा म्हणतो, घर विका अन् इकडे या, ऑपरेशन करून टाकू. शेजारणीने कवचबीजाचं चूर्ण आणून दिलंय. ताई विचारतात: "हात तर थरथरत नाही, म्हणजे आजार वाढला नाही. मग हा माणूसच बदलला का? का माझ्यावरच राग धरून बसले? अन् अजून किती वाढणार आहे हे?"

उत्तर

ताई,

दंडावरच्या डागाचं तुम्ही अगदी शेवटी, दोन ओळींत उरकलंत. मी तिथूनच सुरू करते. अडतीस वर्षांच्या संसारात ज्यांनी कधी आवाज चढवला नाही असं तुम्ही लिहिता, त्यांच्या हातचा फटका लपवायला 'दाराला आपटले' म्हणताना तुमच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना मी करू शकते.

त्यांनी तुम्हाला मारलेलं नाही. ते झोपेत होते आणि स्वप्नात कुणाशी तरी झुंजत होते. आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडून देतो, म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी आपण गादीवरच असतो. पार्किन्सन्समध्ये पुष्कळांची ही सोय बिघडते. मग स्वप्नात कुत्रं अंगावर आलं की माणूस खरोखर लाथ झाडतो, चोर दिसला की खरोखर ओरडतो. ही स्वप्नं बहुतेक वेळा हल्ल्याची, पाठलागाचीच असतात, अगदी शांत स्वभावाच्या माणसालासुद्धा. तेव्हा झोपेतल्या त्या आवेशावरून मनातला राग ओळखायला जाऊ नका. आणि जरा मागे जाऊन आठवा. नोकरीत असताना ते झोपेत बडबडायचे का? कधी खाटेवरून पडले होते का? हे लक्षण कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं.

आजपासून त्याच खोलीत, पण वेगळ्या खाटेवर झोपा. त्यांची खाट शक्य तितकी बुटकी असू द्या आणि खाटेलगत खाली एक जुनी गादी टाकून ठेवा. उशाशी काचेचा ग्लास, स्टूल, टेबल फॅन, टोकदार कोपऱ्याचं कपाट असं काही नको. डॉक्टरांना सांगितलंत तर ते मेलाटोनिन किंवा अगदी कमी मात्रेत क्लोनाझेपाम देऊ शकतात. यातल्या क्लोनाझेपामने उतारवयात तोल जाण्याची आणि गोंधळ उडण्याची भीती असते, म्हणून ती दुकानातून आपल्या मनाने आणायची नाही. आणखी एक, त्यांना हा डाग दाखवा. तुम्ही तो त्यांच्यापासूनही लपवला असणार, असं मला पत्रावरून वाटतं. दोघांनी मिळून त्यावर तोडगा काढायचा तर दोघांनाही तो माहीत हवा.

मी डॉक्टर नाही. समुपदेशनाचं काम करते, आणि माझ्या बाबांना हा आजार बारा वर्षं होता. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं आम्हीही तुमच्यासारखे फक्त हाताकडे बघत राहिलो. थरथर कमी म्हणजे बरं, जास्त म्हणजे वाईट. आपल्याकडे या आजाराचं नावच 'कंपवात', त्यामुळे कंप गेला की वाटतं आजार हटला. पण काही रुग्णांना तर कंप कधी होतच नाही आणि तरी आजार पुरता असतो.

ही चूक आपलीच आहे असंही नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांतले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात येता-जाता पाहिले होते. झोप बिघडते, पोट साफ होत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पण बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात, असं त्यांनी लिहून ठेवलं, आणि पुढे फार मोठा काळ सगळ्यांचं लक्ष हालचालींवरच राहिलं. झोप, पोट, वास, मन, रक्तदाब, लघवी, घाम, थकवा, अंगदुखी या साऱ्याला आता डॉक्टर 'हालचालींपलीकडची लक्षणं' म्हणतात आणि ती आजाराचाच भाग मानतात. डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरतात म्हणून हालचाली मंदावतात, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. पण बिघाड तेवढ्याच पेशींत नसतो. हाइको ब्राक या जर्मन संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं की पुष्कळ रुग्णांत मेंदूतला हा बिघाड वासाच्या केंद्रात आणि आतड्यांकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी सुरू होतो आणि हालचालींच्या भागापर्यंत नंतर पोचतो. प्रत्येकात हाच क्रम असतो असं नाही. पण बद्धकोष्ठ आणि वास न येणं या तक्रारी कंपाच्या कितीतरी आधीपासून का असतात, ते यावरून उमगतं.

आता गोळाभाताकडे येते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त दुखलेलं वाक्य मला तेच वाटलं. गरम गोळ्यांवर हिंग-मोहरीचं तेल ओतल्यावर आपल्या घरांत जो वास पसरतो तो तुमच्या यजमानांपर्यंत पोचतच नसावा. वास गेला की चवही अर्धी जाते. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते, बाकीचं सगळं नाकाचं काम. तुमच्या हातची चव त्यांना नकोशी झालेली नाही. एकदा कॉफीची पूड किंवा हिंगाची डबी डोळे मिटायला सांगून नाकाशी धरा आणि काय आहे ते विचारा. डॉक्टरांना सांगायला एक ठोस गोष्ट मिळेल. यावर नेमकं औषध नाही, हे खरं. पण स्वयंपाकात थोडं लिंबू, आमचूर, कुरकुरीत काहीतरी वाढवलं तर घास गोड लागतो, हा माझा घरचा अनुभव. आणि ज्या घरात असा रुग्ण दुपारी एकटा असतो त्या प्रत्येक घराला सांगते: वास न येणाऱ्या माणसाला गॅस सुटलेला कळत नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करूनच बाहेर पडा, आणि उरलेलं अन्न आंबलंय का ते त्यांच्या नाकावर सोडू नका.

चेहऱ्याचंही तसंच. आपण हसतो, भुवया उडवतो, पापण्या लववतो, या सगळ्या बारीक हालचालीच आहेत. हात-पाय मंदावतात तसा चेहराही मंदावतो. मन आत हसत असतं आणि बाहेर मुखवटा तसाच राहतो. आवाज बारीक होतो, एकसुरी होतो, आणि गंमत करायची झाली तरी शब्द जुळेपर्यंत गप्पांचा विषय पुढे गेलेला असतो. दोन-चारदा 'काय म्हणता? मोठ्याने बोला' झालं की माणूस बोलणंच सोडतो. म्हणून 'रागावलात का?' हा प्रश्न चेहरा बघून विचारू नका. 'आज मन कसं आहे?' असं विचारा, आणि उत्तराला अर्धं मिनिट जाऊ द्या. टीव्ही बंद असेल तर उत्तम.

पण गप्प बसण्यामागे सगळंच चेहऱ्याचं आणि आवाजाचं नसतं. भजन सुटणं, फिरणं सुटणं यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक उदासपणा: माणूस खिन्न असतो, रडू येतं, 'माझं ओझं झालं तुम्हाला' असं म्हणतो, भूक-झोप जाते. दुसरी निरिच्छता: दुःख असं काही नसतं, विचारलं तर 'बरा आहे' म्हणतात, पण उठून काही करावं ही ऊर्मीच येत नाही. कोणी हात धरून नेलं तर तिथे रमतातही. आपण होऊन पहिलं पाऊल उचलण्यासाठी जी ढकल लागते तिच्यात डोपामिनचाच वाटा असतो. तुमच्या मुलीला 'आळशी' दिसतं ते बहुधा हे दुसरं आहे. तिला हा परिच्छेद वाचायला द्या. आळशी माणूस नको ते काम टाळतो. तुमचे यजमान तर हवं असलेलं भजनही टाळू लागलेत.

निरिच्छतेला उपदेश लागू पडत नाही, ठरलेली वेळ आणि सोबत लागू पडते. 'जा ना फिरून या' म्हटल्याने ते उठणार नाहीत. 'सहा वाजले, चप्पल घाला, मी आलेच' याने उठतील. भजन मंडळातल्या एखाद्या जवळच्या माणसाला स्पष्ट सांगा की गुरुवारी येऊन घेऊन जा. खंजेरीच्या ठेक्यावर पावलं आणि आवाज दोन्ही मोकळे होतात, हे मी बाबांच्या बाबतीत पाहिलंय. तालाच्या आधारे चालायला शिकवणं हा तर फिजिओथेरपीतलाही भाग आहे. आवाजासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. ते मोठ्याने बोलण्याचा नेमाने सराव करून घेतात. तोवर रोज सकाळी वर्तमानपत्राचा एक कॉलम त्यांनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावा.

उदासपणाचं मात्र अंगावर काढायचं नाही. पार्किन्सन्सच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला तो असतो, आणि त्यावर औषधं आहेत. 'एवढा आजार झालाय, उदास राहणारच' असं म्हणून घरचे सोडून देतात, ते चुकतं. जगण्याला कंटाळल्याची भाषा आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि रात्री-अपरात्री सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क मिळते. मराठीत बोलता येतं.

भोवळीबद्दल मला थोडं रागाने लिहायचं आहे. बाबांना उठताना अंधारी यायची. घराजवळच्या एका डॉक्टरांनी चक्कर म्हणून सिनारिझिन दिलं आणि आम्ही ते आठ महिने चालू ठेवलं. बाबांचं चालणं बसलं, चेहरा दगडासारखा झाला, आणि आम्ही समजलो आजार पुढे गेला. न्यूरॉलॉजिस्टने चिठ्ठ्यांची पिशवी पालथी केली तेव्हा कळलं. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेवोसल्पिराइड, आणि मानसिक अस्वस्थतेसाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल: ही औषधं डोपामिनच्या कामातच अडथळा आणतात आणि पार्किन्सन्स वाढवतात. ही नावं एका चिठ्ठीवर लिहून यजमानांच्या पाकिटात ठेवा. कोणत्याही दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा, आधी 'पार्किन्सन्स आहे' हे सांगा.

उठताना येणाऱ्या भोवळीचं कारण बहुतेक वेळा रक्तदाब उतरणं हे असतं. ते ओळखणं सोपं आहे. पाच मिनिटं पडून राहिल्यावर रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजला की हे कधीच दिसत नाही. त्यांना पूर्वीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती आता जास्त होत असेल, हेही डॉक्टरांना विचारा. आपल्या नागपुरात तर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) कूलरसमोर बसूनही अंगातलं पाणी आटतं. हीच भोवळ उन्हाळ्यात पडण्यापर्यंत नेते. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पुष्कळ रुग्ण पाणी पिणंच कमी करतात. ते पाणी दिवसा भरून काढा, संध्याकाळनंतर कमी करा. हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं चालेल, पण मीठ वाढवण्याआधी विचारून घ्या. खाटेवरून उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. जेवण भरपेट झालं की लगेच उठायचं नाही.

पोटाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारते, कारण ते कोणी आपणहून सांगत नाही. बद्धकोष्ठ या आजारात फार असतं, आणि पोट तुंबलं की लेवोडोपाची, म्हणजे या आजाराची मुख्य गोळीही वेळेवर शोषली जात नाही. पाणी, पपई, भाज्या, गरज पडली तर इसबगोल. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर, नुसत्या पाण्याबरोबर. डाळ, पनीर, अंडी, मटण यांतली प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून आत शिरायला एकच दार वापरतात, म्हणून गर्दी होते. प्रथिनं बंद करायची नाहीत, वेळ बदलायची.

आता कोपऱ्यातला माणूस. तो प्रश्न ऐकून तुम्ही घाबरला असाल, 'वेड लागलं का' असं मनात आलं असेल. आजाराला काही वर्षं झाली की कोणीतरी शेजारी उभं आहे, बाजूने काहीतरी सरकन गेलं, असा भास अनेकांना होतो. मंद उजेडात जास्त. ते विचारतात, म्हणजे त्यांना स्वतःलाही शंका आहे, आणि ही चांगली खूण आहे. वाद घालू नका, 'हो, आहे' असंही म्हणू नका. 'मला नाही दिसत, दिवा लावून बघू' म्हणा आणि खरंच लावा. संध्याकाळी खोलीत उजेड भरपूर ठेवा, खुंटीवरचे कपडे काढा. भास अचानक वाढले तर आधी लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट तुंबणं, नवी सुरू झालेली गोळी यांचा शोध घ्यायला हवा. प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल, अमँटाडिन, ट्रायहेक्सिफेनिडिल या पार्किन्सन्सवरच्याच औषधांपैकी काही चालू असेल तर त्यानेही भास होऊ शकतात. डॉक्टर एखादी गोळी कमी करतील किंवा क्वेटियापिनसारखं भास कमी करणारं औषध देतील. तुम्ही स्वतः काही बंद करू नका. लेवोडोपा एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं.

(तुमच्या यजमानांना लागू असेलच असं नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते. प्रामिपेक्सॉल आणि रोपिनिरोल घेणाऱ्या काहींना ऑनलाइन रमी, लॉटरी, भरमसाठ खरेदी, सतत खाणं किंवा शरीरसंबंधांचा हव्यास अशी ओढ लागते. घरात त्यावरून महाभारत होतं आणि गोळीचा संशय कोणालाच येत नाही. लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा. गोळी हळूहळू कमी केली की पुष्कळदा ते ओसरतं.)

तुम्ही विचारलंत, किती वाढणार. १९६७ साली होएन आणि यार या दोन डॉक्टरांनी पाच टप्पे मांडले, ते आजही वापरतात: एका बाजूला त्रास, मग दोन्ही बाजूंना, मग तोल जाऊ लागणं, मग मोठी परस्वाधीनता, आणि शेवटी आधाराशिवाय खाट-खुर्ची न सुटणं. पण या मोजपट्टीत झोप, मन, पोट, रक्तदाब यांना जागाच नाही. शिवाय प्रत्येक जण पाचव्या टप्प्यापर्यंत जातोच असं नाही, आणि दोन रुग्णांचा वेग सारखा नसतो. आजार पुढे सरकणारा आहे, तो थांबवणारं औषध आज नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो, आणि त्या उतरत्या वेळेत नुसता कंपच नाही तर घाबरं होणं, घाम येणं, जीव कासावीस होणं हेही येतं. स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची शक्यता वर्षांगणिक वाढते. गिळताना ठसका लागू लागला तर तो किरकोळ समजू नका, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. एवढं असूनही पुष्कळ जण निदानानंतर पंधरा-वीस वर्षं जगतात, आणि ती वर्षं कशी जातील हे बरंचसं याच 'हालचालींपलीकडच्या' गोष्टींवर ठरतं. म्हणून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधण्यापेक्षा गेल्या एका वर्षात काय बदललं ते बघा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: पार्किन्सन्स महिन्या-वर्षांच्या चालीने सरकतो. दोन-चार दिवसांत माणूस एकदम ढासळला तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. काहीतरी दुसरं झालंय, आणि ते बहुधा बरं करता येण्यासारखं आहे.

मुलगा म्हणतो त्या ऑपरेशनबद्दल. मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून छातीत बॅटरी ठेवतात. लेवोडोपाने फायदा होतो पण दिवसात तो फार वर-खाली होतो, किंवा कंप औषधाला दाद देत नाही, अशांना त्याने मोठा आराम मिळतो. तुमच्या पत्रातल्या तक्रारी आहेत न बोलणं, निरिच्छता, भोवळ, भास. त्यासाठी हे ऑपरेशन नाही, आणि आजाराची वाटचालही त्याने थांबत नाही. मुलगा तळमळीने सुचवतोय. त्याला एवढं समजलं की तो स्वतःच थांबेल.

चूर्ण बाजूला ठेवा. कवचबीज म्हणजे आपल्या खाजकुहिलीचं बी. त्यात लेवोडोपा खरोखर असतो, आणि म्हणूनच धोका आहे. गोळीतला एक, चुर्णातला दुसरा, आणि चुर्णात तो किती हे कोणाला माहीत? भास आणि भोवळ दोन्ही वाढतील. शेजारणीचा हेतू चांगलाच होता, तिला तसं सांगून परत करा.

घर विकण्याचं. आज विकू नका. भास आणि भोवळ असलेल्या माणसाला रात्री अंधारात न्हाणीघराची वाट पायांनी ठाऊक असणं ही फार मोठी गोष्ट असते. ओळखीची पायरी, ओळखीचं फाटक, भजनातली माणसं पुण्यात लगेच मिळणार नाहीत. पण तुम्ही सगळं एकटीने ओढताय, तेव्हा मुलाच्या बोलण्यात तथ्यच नाही असंही म्हणवत नाही. मे महिन्यात, इथलं ऊन टाळण्याच्या निमित्ताने, महिनाभर दोघं पुण्याला जाऊन राहा. घर तसंच ठेवा. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे मराठीतून भेटतात, बोलतात. तुम्हाला तुमच्यासारख्या बायका भेटतील. मग ठरवा. आणि ताई, एक गोष्ट मला पत्रात कुठेच सापडली नाही. मुलगा काय म्हणतो, मुलगी काय म्हणते, शेजारीण काय म्हणते, सगळं आहे. यजमानांना काय हवंय ते नाही. ते कमी बोलतात म्हणून त्यांना विचारणं सगळ्यांनीच सोडलंय का? सकाळची गोळी लागू झाल्यावर, मन ताजं असताना, त्यांना विचारा. घराबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल, सह्यांबद्दल. हे सगळं ते सांगू शकतायत तोवरच करायचं असतं.

डॉक्टरांकडे ते ताठ बसतात, 'बरा आहे' म्हणतात, आणि त्यांच्यासमोर तुम्हाला बोलवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे घरोघरी होतं. त्या दहा मिनिटांसाठी एक पानभर कागद तयार करा. झोपेतलं ओरडणं कधीपासून, आठवड्यातून कितीदा. पडून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, चार दिवसांचा. भास कोणत्या वेळी झाला. गोळी किती वाजता, घाबरं किंवा सुस्त कधी झालं. पोट, लघवी, वास, ठसका. चालू असलेली प्रत्येक गोळी, मधुमेहाची, ॲसिडिटीचीसुद्धा. कागद यजमानांना आधी वाचून दाखवा, त्यांच्या पाठीमागे नको. रांगेतच तो आत पाठवा किंवा टेबलावर ठेवा. डॉक्टरांकडे या लक्षणांची ३० प्रश्नांची एक तयार प्रश्नावलीही असते, ती भरून घ्याल का, असं विचारा. तिथे तुम्ही एकट्या जाऊ नका, मुलीला वर्ध्याहून बोलवा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं तिला पटेल, आणि 'आळशी' हा शब्द बहुधा ती स्वतःच मागे घेईल.

पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या यादीत आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर काही सवलती मिळतात. अर्ज ऑनलाइन करतात, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मुलाला पुण्यातून काही करायचंच असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. तो आनंदाने करेल.

आणि तुमची झोप. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईचं डोकं दिवसा चिडणारच, त्यात तुमचा दोष नाही. आठवड्यातले दोन दिवस मुलगी किंवा कोणी विश्वासू माणूस दुपारचे तीन तास घरी थांबेल अशी सोय करा आणि त्या वेळात दार लावून झोपा. भाजी आणायला जाऊ नका.

शेजारणीला खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर सांगा. रात्री हाक मारली तर ऐकणारं जवळ तेच एक घर आहे.